क्रॉसमॅच, एमएफआय आणि फॉर्मवरचा रिकामा रकाना

"मॅडम, ब्लड ग्रुप तर जुळला की, मग आता आणि कसली क्रॉसमॅच?" किडनीच्या पेशंटच्या नातेवाइकांचा हा ठरलेला प्रश्न. त्यात त्यांचं काही चुकतं असं नाही, आपल्याकडं क्रॉसमॅच म्हटलं की रक्तपेढीच आठवते, बाळंतपणाला नाहीतर ऑपरेशनला रक्ताची बाटली आणायला पळतो तेव्हा तिथं करतात ती. किडनीची वेगळी, पेशंटच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते बघायची. रक्तपेढीत तांबड्या पेशी बघतात, इथं पांढऱ्या, त्यातही फक्त लिम्फोसाइट. मी आधी काही वर्षं पुण्यात टिश्यू टायपिंगच्या लॅबमध्ये होते, आता सोलापुरात साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आमच्याकडं या टेस्ट होत नाहीत, आम्ही सँपल काढून पुढं पाठवतो फक्त, पण हिला यातलं कळतं हे डायलिसिसवाल्यांच्यात पसरलंय त्यामुळं रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॅपवर येत राहतात, रात्री उशिरा पण. "ताई जरा बघून सांगा, पास का नापास." एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, ऑपरेशन करायचं का नाही हे नेफ्रॉलॉजिस्टच ठरवणार. नळीत रक्त गेल्यावर पुढं काय होतं तेवढं मला सांगता येतं.

तर आपल्या अंगातल्या जवळपास सगळ्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांची जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर, एकमेकांना खेटून. ए, बी, सी हे क्लास वन आणि डीआर, डीक्यू, डीपी हे क्लास टू. अर्धा सेट आईकडून, अर्धा बापाकडून, म्हणून आईबाप आणि मुलं निदान अर्धे तरी जुळतातच आणि सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायचा चान्स चारात एक. क्लास वन बहुतेक सगळीकडं सापडतो, क्लास टू मात्र बी सेल वगैरे ठराविक पेशींवर (टी सेल आणि बी सेल हे लिम्फोसाइटचेच दोन प्रकार), एवढं डोक्यात राहू द्या, पुढं लागणार आहे. दुसऱ्याचं एचएलए अंगात आलं की शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं. ब्लड ग्रुपच्या अँटीबॉडी लहानपणापासून आपोआप असतात, या तशा नाहीत, त्यासाठी परक्या पेशींशी गाठ पडावी लागते. ती पडते तीन प्रकारे, रक्त चढवल्यानं, आधीच्या ट्रान्सप्लांटमुळं आणि गरोदरपणात.

रक्ताचं आणि ट्रान्सप्लांटचं लोकांना लगेच पटतं, गरोदरपणाचं पटत नाही. पण बघा, पोटातल्या बाळाचा अर्धा सेट बापाचा असतो, बाळाच्या पेशी थोड्याफार आईच्या रक्तात येतातच, बाळंत होताना जास्त, आणि आईचं शरीर त्या बापाकडच्या अर्ध्या सेटविरुद्ध अँटीबॉडी बनवून ठेवतं. सगळ्याच बायकांत असं होत नाही, पण बाळंतपणं जितकी जास्त तितकी शक्यता वाढत जाते. बाळाला त्यानं सहसा काही होत नाही. अडचण येते वीस-पंचवीस वर्षांनी, त्या बाईची किडनी जाते आणि नवरा म्हणतो, माझी घ्या. आणि तिच्या अंगात ज्या अँटीबॉडी आहेत त्या नेमक्या ह्याच माणसाच्या एचएलएविरुद्ध. बायकोनं नवऱ्याला द्यायची असेल तर हा घोळ नाही, नवऱ्याला कुठं बाळंतपण. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, त्यामागं घराघरातलं राजकारण आहेच, त्याबद्दल मी इथं बोलत नाही, पण नवऱ्याला खरंच मनापासून द्यायची असते तेव्हासुद्धा हे असं आडवं येतं.

खरं तर हे सगळं शास्त्र उभं राहिलं तेच बऱ्याच अंशी बाळंतिणींच्या रक्तावर. १९५८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं त्या पिवळसर पाण्यात, या अँटीबॉडी दिसल्या, त्याच वर्षी फ्रान्समध्ये जाँ दोसे यांनी बऱ्याच वेळा रक्त चढवलेल्या पेशंटांच्या सिरमवरून पहिलं एचएलए ओळखलं, ज्याला आता आपण ए२ म्हणतो. दोसेंना १९८० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पुढं डीएनएवरून टायपिंग, म्हणजे कुणाचं एचएलए कुठलं ते ओळखणं, सुरू होईपर्यंत जगभरातल्या लॅबमध्ये टायपिंगचं रिएजंट म्हणजे बहुतेक करून चार-पाच लेकरं झालेल्या कुठल्यातरी बाईचं सिरमच असायचं.

आता टेस्ट. सगळ्यात जुनी आणि अजूनही आपल्याकडं सगळीकडं करतात ती सीडीसी क्रॉसमॅच, लांब नाव कॉम्प्लिमेंट डिपेंडंट सायटोटॉक्सिसिटी. १९६४ मध्ये पॉल तेरासाकी आणि मॅक्लेलँड यांनी ती एवढ्याशा थेंबात बसवली. तेरासाकी जपानी वंशाचे अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात लहानपणी घरच्यांबरोबर ॲरिझोनातल्या छावणीत डांबलेले, तिथून हा माणूस जगभरच्या टिश्यू टायपिंग लॅबचा गुरू झाला. त्यांच्या नावाची ट्रे आजही रोज वापरली जाते, हाताच्या पंजात मावेल एवढी प्लास्टिकची, त्यात ६० नाहीतर ७२ बारीक खड्डे.

प्रत्येक खड्ड्यात आधी तेलाचा थेंब, सँपल वाळू नये म्हणून. मग त्या तेलाखाली १ मायक्रोलिटर पेशंटचं सिरम आणि १ मायक्रोलिटर दात्याच्या लिम्फोसाइट. १ मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, सुईच्या टोकावर धड दिसत पण नाही, आणि दोन्ही थेंब तेलाखाली एकमेकांना भेटलेच पाहिजेत, एक खड्ड्याच्या कडेला चिकटून राहिला तर तो खड्डा खोटा निगेटिव्ह. नवीन माणूस हॅमिल्टन सिरिंज घेऊन बसला की त्याचा श्वास रोखलेला असतो, कोपर टेबलाला टेकवून काम करायचं हे पहिलं शिकवतात. अर्धा तास तसंच ठेवायचं. सिरममध्ये दात्याविरुद्ध अँटीबॉडी असतील तर त्या पेशीला जाऊन चिकटतात. मग सशाचं सिरम घालायचं, त्यातलं कॉम्प्लिमेंट म्हणजे पेशी मारणारी प्रथिनं हवी असतात, आणि अजून तासभर थांबायचं. अँटीबॉडी चिकटलेली असेल तर कॉम्प्लिमेंट त्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं आणि पेशी मरते. शेवटी रंग घालायचा, इओसिन घातलं तर मेलेल्या पेशीत रंग शिरतो आणि ती फुगलेली, काळपट, मलूल दिसते, जिवंत असते ती लहान आणि चमकदार. किती टक्के मेल्या ते नजरेनं अंदाजून नंबर द्यायचा, १०% पर्यंत मेल्या तर १, मग २, ४, ६, आणि ८०% च्या वर मेल्या तर ८. हे सगळं माणसाच्या डोळ्यावर, मशीन नाही काही. दोन अनुभवी माणसं एकाच खड्ड्याला ४ आणि ६ देऊ शकतात आणि त्यावरून दुपारभर बोलू शकतात.

आणि हे सशाचं कॉम्प्लिमेंट म्हणजे एक नखरेल प्रकरण. उणे ७०-८० वर ठेवायचं, वितळवलं की बर्फावर, एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. प्रत्येक लॉट वेगळा. एखादा लॉट इतका जहाल निघतो की अँटीबॉडी नसली तरी पेशी मारतो, एखादा इतका नरम की कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो खड्डासुद्धा, धड येत नाही. म्हणून नवा लॉट आला की आधी त्याचीच परीक्षा.

एवढ्या खटपटीची किंमत १९६९ मध्ये कळली. पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ किडनी ट्रान्सप्लांटचे आकडे मांडले. ज्यांची क्रॉसमॅच पॉझिटिव्ह होती अशा ३० जणांपैकी २४ जणांची किडनी लागलीच गेली. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत फक्त ८. पॉझिटिव्हमध्ये नवी किडनी टेबलावरच, टाके घालून होईपर्यंत निळी-काळी पडू शकायची. त्या पेपरनंतर क्रॉसमॅच केल्याशिवाय किडनी लावायची नाही हे जगभर ठरूनच गेलं.

आता आपल्या सोलापूरची अडचण सांगते. या टेस्टला दात्याच्या पेशी जिवंत लागतात. मेलेल्या पेशी परत कशा मारणार? म्हणून दात्याचं रक्त हेपरिनच्या हिरव्या टोपीच्या नाहीतर एसीडीच्या पिवळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये काढतात आणि ते फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, बर्फ लावायचा नसतो, रूम टेंपरेचरला पाठवायचं. आता रूम टेंपरेचर म्हणजे २०-२५ अंश, मे महिन्यात सोलापुरात कुठल्या रूमचं टेंपरेचर तेवढं असतं ते मला दाखवा. ४२-४३ अंशात ती ट्यूब कुरिअरवाल्याच्या डिकीत तासभर राहिली की झालं. आणि उलटं पण होतं, एका कलेक्शन सेंटरनं मेहनतीनं थर्माकोलच्या डब्यात चारही बाजूंनी आइस पॅक लावून सँपल पाठवलं होतं, पुण्याला पोचलं तोवर निम्म्या पेशी खलास, पेशंटला परत बोलावून परत रक्त. म्हणून मी सांगते, शक्य असेल तर दाता आणि पेशंट दोघांनी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन तिथंच रक्त द्यावं. अडीचशे किलोमीटरचा त्रास आहे, डायलिसिसच्या पेशंटला तर फारच, पण डायलिसिसचा दिवस सोडून जमवता येतं. पेशंटच्या सिरमचं मात्र तसं नाही, ते लाल टोपीच्या ट्यूबमधून वेगळं करून थंड पाठवलं तरी चालतं, त्यासाठी पेशंटनं दर वेळी हेलपाटा मारायची गरज नाही.

सीडीसीत दोन बाजूंनी घोटाळा होऊ शकतो. एक म्हणजे अँटीबॉडी नसताना पॉझिटिव्ह. ल्युपसच्या पेशंटमध्ये हे बऱ्याचदा, स्वतःच्याच पेशींविरुद्ध आयजीएम प्रकारच्या अँटीबॉडी असतात, त्यांचा किडनीला सहसा धोका नसतो पण ट्रेमध्ये पेशी मरतात. मग सिरममध्ये डीटीटी नावाचं केमिकल घालतात, ते आयजीएम तोडतं, आयजीजीला, म्हणजे किडनीला खरा धोका असतो त्या प्रकाराला, हात लावत नाही. डीटीटीनंतर पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालं तर सुटकेचा श्वास. शिवाय पेशंटचं सिरम पेशंटच्याच पेशींबरोबर लावून बघतात, ऑटो क्रॉसमॅच म्हणतात त्याला. रिपोर्टमध्ये "विदाउट डीटीटी", "विथ डीटीटी" अशा दोन ओळी दिसतात त्या ह्याच. वरची ओळ पॉझिटिव्ह बघून रडत बसलेले लोक मी बघितलेत, खालची ओळ वाचलेलीच नसते.

दुसरा घोटाळा जास्त वाईट, अँटीबॉडी आहे पण टेस्टला दिसत नाही. सीडीसीत पेशी मेली तरच दिसणार. अँटीबॉडी कमी असेल नाहीतर कॉम्प्लिमेंटला बोलावणाऱ्या प्रकारातली नसेल तर पेशी मरत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह. तीच अँटीबॉडी महिन्या-दोन महिन्यांत डोकं वर काढू शकते.

म्हणून फ्लो क्रॉसमॅच आली, १९८० च्या दशकात. यात पेशी मरायची वाटच बघत नाहीत. दात्याच्या पेशी, पेशंटचं सिरम, धुवायचं, मग माणसाच्या आयजीजीला चिकटणारा चमकणारा रंग लावायचा आणि टी सेलला एक रंग, बी सेलला दुसरा. फ्लो सायटोमीटरमधून पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात आणि कुठल्या पेशीवर किती अँटीबॉडी बसली ते मशीन मोजतं. कंट्रोलपेक्षा किती सरकलं त्याला चॅनल शिफ्ट म्हणतात. इथं वरचं क्लास वन-क्लास टू कामाला येतं. टी आणि बी दोन्ही पॉझिटिव्ह तर क्लास वनविरुद्ध अँटीबॉडीचा संशय, सोबत क्लास टू पण असू शकते, आणि नुसतं बी पॉझिटिव्ह तर क्लास टू किंवा अगदी थोडीशी क्लास वन. किंवा, आणि हे फार महत्त्वाचं, पेशंटला हल्लीच रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन दिलेलं. ते औषध स्वतःच एक अँटीबॉडी आहे, बी सेललाच जाऊन चिकटतं, मशीनला वाटतं पेशंटची अँटीबॉडी आहे. बी सेल पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून लॅबवाले डोकं खाजवतात आणि मग फोन केल्यावर कळतं, हो हो, गेल्या महिन्यात दिलं होतं. फॉर्मवर औषधांचा रकाना असतो. तो रिकामा.

आणि तिसरी, हल्ली सगळ्यात जास्त चर्चा जिची, ती ल्युमिनेक्स सिंगल अँटिजेन बीड. सोलापूरकरांना ही मी लवकर समजावू शकते. प्लास्टिकचे बारीक मणी, पाच-साडेपाच मायक्रॉनचे, डोळ्याला न दिसणारे, आणि आपल्याकडचा रंगारी जसा दोनच रंग कमी-जास्त मिसळून सुताच्या पाहिजे तेवढ्या शेड काढतो तसं दोन रंगांच्या प्रमाणावरून या मण्यांच्या १०० शेड केलेल्या असतात. प्रत्येक शेडच्या मण्यावर एकच एचएलए लावलेलं. या शेडवर ए२, त्या शेडवर ए२४, पुढच्या शेडवर बी७. सगळे मणी एकाच थेंबात मिसळून पेशंटच्या सिरमबरोबर अर्धा तास अंधारात ठेवतात, धुतात, मग चमकणारा रंग. मशीनमध्ये दोन लेझर, एक शेड ओळखतो म्हणजे हा मणी कुठल्या एचएलएचा, दुसरा त्यावर किती रंग बसला ते मोजतो. तो आकडा म्हणजे एमएफआय. दात्याच्या पेशी लागतच नाहीत. म्हणजे हिरवी ट्यूब नाही, डिकीतलं ऊन नाही, थंड डब्यातून सिरम गेलं की काम झालं.

आणि इथून व्हॉट्सॅपवरचे फोटो सुरू होतात. एमएफआय ८००, एमएफआय ३२००, एमएफआय ११०००, समोर लाल-पिवळे रंग, आणि लोक ते दहावीच्या मार्कलिस्टसारखं वाचतात. मला यावर जरा जोरात बोलायचंय. एमएफआय म्हणजे रक्तात किती अँटीबॉडी आहे त्याचं माप नाही. मण्यावर किती चमक बसली तेवढंच. कंपनी बदलली की आकडा बदलतो, लॅब बदलली की बदलतो, एका लॅबची कटऑफ १००० असते, दुसरीची २०००. पुण्याचा रिपोर्ट आणि मुंबईचा रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढली का कमी झाली" विचारू नका, सांगता येत नाही. एकाच लॅबमध्ये, एकाच कंपनीच्या किटवर, जुनं आणि नवं सिरम शेजारी लावून केलं तर थोडंफार बोलता येतं.

त्यात आणि फसवाफसवी. मण्यावर एचएलए चिकटवताना त्याचा आकार कधी बिघडतो, मग शरीरात कधीच न दिसणारा भाग उघडा पडतो आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी दिसायला लागते, कधी रक्त न चढवलेल्या धडधाकट पुरुषांच्यात सुद्धा असं सापडलंय. याच्या उलट प्रोझोन, मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. अँटीबॉडी इतकी जास्त असते की पेशंटच्याच सिरममधलं कॉम्प्लिमेंट मण्यावर येऊन थापतं आणि चमकणाऱ्या रंगाला बसायला जागाच उरत नाही. आकडा येतो कमी. सगळ्यात डेंजर सिरम सगळ्यात गरीब दिसतं. सिरममध्ये ईडीटीए घातलं नाहीतर सिरम पातळ करून परत लावलं की तोच मणी एकदम १५-२० हजारांवर उडी मारतो. चांगली लॅब हे करते. पण करायचं हे सुचायला आधी संशय यावा लागतो, आणि संशय येतो पेशंटच्या इतिहासावरून.

तर तो रिकामा रकाना. एचएलए लॅबच्या फॉर्मवर विचारलेलं असतं, गरोदरपणं किती, गर्भपात किती, रक्त कधी चढवलं, किती बाटल्या, आधी ट्रान्सप्लांट झालंय का. सोलापुरातून जाणाऱ्या फॉर्मांवर तिथं बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ असते. फॉर्म भरतो मुलगा नाहीतर दीर, त्याला आईच्या नाहीतर वहिनीच्या बाळंतपणांचं काय माहीत, आणि विचारणार तरी कसा.

एक जोडपं आलं होतं (ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून सांगते). मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, मावशी घरी विड्या वळायच्या. किडनी मावशींची गेलेली. दोघांचा ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह, मामा द्यायला एका पायावर तयार. सीडीसी निगेटिव्ह आली, पेढे वाटायचेच राहिले होते. मग फ्लो पॉझिटिव्ह, टी पण बी पण. मामा माझ्यासमोर बसून म्हणतात, "एवढी वर्षं एका ताटात जेवलो की ओ ताई, अन् आता रक्त नको म्हणतंय व्हय?" फॉर्म बघितला तर गरोदरपणं २, बाकी सगळीकडं रेघ. सासूबाई शेजारीच बसलेल्या. मी त्यांना चहाला पाठवलं आणि मावशींना परत विचारलं, तर हळूच, "दोनदा पिशवी साफ केली होती, आणि एक पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा बाटली पण लावली होती. ते पण लिहायचं असतंय का?"

असतंय. गर्भपाताचा असर पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाइतका नसला तरी असतो, आणि वरून रक्ताची बाटली. ल्युमिनेक्सला मावशींच्यात ए२४ विरुद्ध अँटीबॉडी निघाली, आणि मामांचं टायपिंग बघितलं तर त्यांना ए२४. आता यातली एक गोष्ट घरच्यांना समजावताना मला कागदावर काढून दाखवावी लागली, की थोरल्या मुलात वडलांचा ए२४ उतरलाय म्हणून त्याची पण अडचण, पण धाकटीत वडलांचा दुसरा अर्धा गेलाय, त्यात ए२४ नाही, म्हणजे या अँटीबॉडीपुरतं तिच्याशी वाकडं नाही. अर्थात धाकटीचं अजून लग्न व्हायचंय, त्यामुळं तो विषय घरात कुणी काढायलाच तयार नव्हतं, मावशी तर अजिबात नाही.

इतिहास एवढा का महत्त्वाचा ते सांगते. कुठलीही टेस्ट त्या दिवशीच्या सिरममध्ये काय तरंगतंय तेवढंच बघते. अँटीबॉडी काळानं कमी होतात, कटऑफच्या खाली पण जातात, पण त्या बनवायची आठवण ठेवणाऱ्या मेमरी सेल हाडांच्या पोकळीत नाहीतर लिम्फ नोडमध्ये बसून असतात, आणि तेच एचएलए परत दिसलं की भराभर कामाला लागतात. वीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण आजच्या सिरममध्ये दिसेलच असं नाही. म्हणून जुनी सिरम साठवून ठेवतात आणि सगळ्यात जास्त अँटीबॉडी असलेलं सिरम पण क्रॉसमॅचला लावतात. आणि रक्त चढवल्या चढवल्या केलेली टेस्ट पण फसवी, अँटीबॉडी बनायला वेळ लागतो, निदान दोन आठवडे जाऊ देऊन परत सिरम द्यावं लागतं. डायलिसिसच्या पेशंटला हिमोग्लोबिन ६ झालं की लगेच बाटली लावायची सवय आहे बऱ्याच ठिकाणी, ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर आधी एरिथ्रोपोएटिनची (हिमोग्लोबिन वाढवायची) इंजेक्शनं आणि आयर्न नीट चाललंय का ते विचारा, आणि लावायचंच झालं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा, धोका शून्य होत नाही पण कमी होतो. आणि नवरा नाहीतर पोरगा पुढं किडनी देणार असेल तर त्याचंच रक्त चढवू नका, ते तर अगदीच उलट काम.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे दार बंद असं नाही. प्लाझ्माफेरेसिस, आयव्हीआयजी, रिटुक्सिमॅब करून अँटीबॉडी खाली आणता येतात, पण खर्च लाखात आणि त्या परत येऊ शकतात. माझ्या मते नवरा-बायकोच्या केसमध्ये आधी स्वॅपचा विचार करावा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ ची दुरुस्ती झाल्यापासून दोन जोडप्यांनी दाते अदलाबदल करायला कायद्यानं परवानगी आहे, माझी तुझ्या बायकोला, तुझी माझ्या बायकोला. लोकांना वाटतं स्वॅप फक्त ब्लड ग्रुप न जुळणाऱ्यांसाठी. नाही, अँटीबॉडीवाल्यांसाठी पण. मामा-मावशींचं नाव आता पुण्याच्या एका हॉस्पिटलच्या स्वॅपच्या यादीत आहे, सोबत पुणे झेडटीसीसीच्या, म्हणजे मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या संस्थेच्या, यादीत पण.

त्या यादीत ल्युमिनेक्सचा खरा उपयोग होतो. मेंदूमृत दात्याची किडनी बर्फात असते, वेळ तासांवर मोजायचा, तेव्हा सगळ्यांना बोलावून ट्रे लावत बसायला वेळ नसतो, पण दात्याचं टायपिंग आलं की पेशंटच्या अँटीबॉडीची यादी काढून कॉम्प्युटरवरच बघता येतं कुणाचं जमणार नाही. व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. दात्याला ए२४ असेल तर मावशींना मध्यरात्री उठून पुण्याला पळायचं कारण नाही, दुसऱ्या कुणालातरी बोलावलं जाईल. पण हे चालायला त्यांचं ताजं सिरम लॅबमध्ये पाहिजे. यादीत नाव घातलं आणि वर्षभर सिरमच दिलं नाही, मध्ये दोन बाटल्या रक्त चढलं ते कुणाला सांगितलं नाही, तर त्या व्हर्च्युअलला काय अर्थ राहिला. ठरलेल्या अंतरानं सिरम पाठवायचं काम आपण इथून करू शकतो, मावशींचं मीच काढते, लाल ट्यूब, सेंट्रिफ्यूज, दोन भाग करून थंड डब्यात.

ट्रान्सप्लांट झालेल्यांनी पण डीएसए टेस्ट (आपल्या दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधायची) लिहून दिली की घाबरू नका आणि टाळू पण नका. नंतर नव्यानं तयार होणाऱ्या अँटीबॉडीत डीक्यूविरुद्धच्या जास्त सापडतात, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे टॅक्रोलिमसच्या, म्हणजे शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून असतात त्या गोळ्या चुकवणं. गावाकडं गेलो होतो, गोळ्या संपल्या, मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत, बरं वाटत होतं म्हणून एक वेळ सोडली. क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी मण्यावर चमक दिसायला लागते.

रिपोर्टचे फोटो पाठवा, माझी काही हरकत नाही, पण सोबत त्या फॉर्मचा पण फोटो पाठवा. आणि फॉर्म भरताना बाईला एकटीला विचारा.